शून्य तास चाललेली ‘नवी’ हार्ड डिस्क

घरच्या कॅमेऱ्यांसाठी हार्ड डिस्क घेणार असाल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. या कामात डिस्कवर रात्रंदिवस लिहिलं जातं, पण लिहिलेलं बघायला सहसा कोणी जात नाही. सिनेमे ठेवलेली डिस्क बिघडली तर पुढच्याच रविवारी बोंब होते. कॅमेऱ्यांची डिस्क मात्र महिनोन्‌महिने खराब राहू शकते, आणि स्क्रीनवर रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत राहतो. वापरून झालेला माल नवा म्हणून खपवणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक कुठे मिळणार? माझ्या गळ्यात मारलेली डिस्कही अशीच पचून गेली असती.

गरज साधी होती. चार कॅमेरे, शिवाय घरातले फोटो आणि सिनेमे टीव्हीवर दाखवणारा मीडिया सर्व्हर. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवतो असं धरलं तर दिवसाचे ४३ जीबी होतात. चारांचे १७३ जीबी, म्हणजे वर्षाला ६३ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला ५५ टीबीच्या आसपासचा भार लिहिलेला असतो. सीसीटीव्हीसाठी वेगळ्या डिस्क मिळतात, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. त्या चोवीस तास चालण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्यांचा आकडा १८० टीबी असतो. म्हणून त्यातलीच ८ टीबीची घ्यायचं ठरवलं. हिशोबाने तिच्यात दीड महिन्याचं चित्रण मावतं.

विक्रेता मोठ्या ऑनलाइन बाजारातला, तारे भरपूर, किंमत इतरांपेक्षा जराशीच कमी. फार स्वस्त असती तर शंका आली असती. हे लोक तेवढे हुशार असतात. वर्णनात ‘नवीन, सीलबंद’ असं स्पष्ट लिहिलं होतं. डिस्क चंदेरी पिशवीत आली, पिशवी चारही बाजूंनी चिकटवलेली, वरचं लेबल कोरं करकरीत. बसवल्यावर लगेच स्मार्टची नोंद पाहिली. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते ती ही नोंद. चालू तास शून्य, बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती ठेवायचे छोटे कप्पे) शून्य. जिथे तिथे हीच तपासणी सांगितलेली असते, आणि तिच्यात डिस्क पहिल्या वर्गात पास झाली.

पुढे एका रात्री बाहेर उभ्या असलेल्या गाडीला कोणीतरी ओरखडा पाडून गेलं, तेव्हा पहिल्यांदा जुनं चित्रण उघडलं. संध्याकाळ व्यवस्थित दिसली. मग चित्र अडखळायला लागलं, मधली काही मिनिटं गायबच, आणि नेमक्या वेळेची फाइल उघडायलाच तयार नाही. स्मार्टमध्ये आता १९७ क्रमांकाचा आकडा फुगला होता. जे सेक्टर डिस्कला धड वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांची ही मोजदाद. नवी डिस्कही बिघडू शकते, म्हणून तोवर माझा विक्रेत्यावर संशय नव्हता.

संशय आला तो दुसऱ्याच नोंदीमुळे. माझी डिस्क सीगेटची होती, आणि सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टखेरीज ‘फार्म’ नावाची एक आतली नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. तिथे चालू तासांचा आकडा पाच अंकी निघाला. म्हणजे ही बाई कुठेतरी दोनेक वर्षं अखंड राबून आली होती आणि स्मार्टचे आकडे पुसून तिला पुन्हा बोहल्यावर चढवलं होतं. दिव्याखाली डिस्क तिरकी धरली तर कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या बारीक रेषा होत्या, आणि स्क्रूच्या भोकांजवळचा रंग उडालेला. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल क्रमांक टाकला तर उत्तर आलं की ही डिस्क यंत्र बनवणाऱ्यांना दिलेली आहे, सुट्या ग्राहकाला तिची वॉरंटी लागू नाही. यात कंपनीला बोल लावण्यासारखं काही नाही; तिने डिस्क एकदा विकली होती, रीतसर.

हा एकट्यादुकट्याचा उद्योग नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइज या तंत्रविषयक प्रकाशनाने असंच प्रकरण बाहेर काढलं. नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या मोठ्या डिस्कमध्ये फार्मने हजारो तासांचा वापर दाखवला, काहींत तर ५०,००० च्या घरात. माल चीनमधल्या चिया नावाच्या क्रिप्टो चलनाच्या ‘खाणीं’तून आला असावा, असा अंदाज होता. ते चलन डिस्कवरच्या जागेवर चालतं, धंदा बसला की डिस्कचे ढीग बाजारात येतात. त्याच वर्षी मलेशियात एका गोदामावर छापा पडला. तिथे डिस्कच्या नोंदी पुसून नवी लेबलं लावण्याचं कामच चालू होतं. फार्मवरही डोळे मिटून विसंबू नका; तिचे आकडे बदललेल्या डिस्कही पुढे सापडल्या आहेत. आकडा मोठा निघाला तर चोरी पकडली गेली, शून्य निघाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

विक्रेत्याची उत्तरं वाचण्यासारखी होती. आधी ‘तुमच्या संगणकाची केबल खराब असेल’. मग ‘सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय’. फार्मचे स्क्रीनशॉट पाठवल्यावर सूर एकदम मवाळ झाला, थोडे पैसे परत देतो, फक्त तारे बदला. वॉरंटीचं विचारलं तर ‘ती आमची स्वतःची आहे’. परत करायची मुदत तोवर उलटली होती, आणि या धंद्याचं सगळं गणित त्या मुदतीवरच बेतलेलं असतं. थोड्याच काळात ते दुकान बंद दिसलं. तीच छायाचित्रं, तेच वर्णन वेगळ्या नावाखाली पुन्हा विक्रीला. पैसे मिळाले ते बाजाराकडे तक्रार लावून धरल्यावर, आणि तिथे सर्वात उपयोगी पडला तो कंपनीच्या वॉरंटी पानाचा निकाल. फार्म म्हणजे काय हे तक्रार विभागातल्या माणसाला समजावणं अवघड. ‘वॉरंटी लागू नाही’ हे त्यालाही वाचता येतं.

मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा असेल तर तिथली लबाडी वेगळी. कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, म्हणजे कंट्रोलरला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत ३२ जीबी, सांगतो ५१२. खरी जागा संपली की पुढचं जुन्यावर लिहिलं जातं नाहीतर हवेत जातं, पण फाइलींची नावं यादीत दिसत राहतात. कॅमेरा तसाही जुनं पुसून नवं लिहितच असतो, त्यामुळे कोणाला पत्ताच लागत नाही. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात. मोठ्या किमतीच्या सुट्या एसएसडीलाही हेच लावा.

हार्ड डिस्कसाठी वेळ लागतो. ८ टीबी एकदा पूर्ण वाचायला अर्धा दिवस जातो, आणि लिनक्सवरच्या बॅडब्लॉक्स या सॉफ्टवेअरची लिहून वाचण्याची चाचणी चार नमुने वापरते, तिला काही दिवस द्यावे लागतात. ती डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून आपलं काही ठेवण्याआधीच उरका, परतीची मुदत चालू असताना. सिनेमे आणि फोटो कॅमेऱ्यांच्या डिस्कवर ठेवूच नका, वेगळी घ्या. ती घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारा. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात; एसएमआरमध्ये ते एकमेकांवर चढवलेले असतात आणि सतत बदल करताना ती रेंगाळते. वेस्टर्न डिजिटलने रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये हे तंत्र न सांगता वापरल्याचं २०२० मध्ये बाहेर आलं होतं, तेव्हा पेटीवरचं नाव ओळखीचं आहे एवढ्याने भागत नाही.

पिशवी फोडण्याआधी एक काम करा. डिस्कवरचा सिरियल क्रमांक पिशवीतूनच वाचता येतो. तो कंपनीच्या वॉरंटी पानावर तपासा, आणि पिशवी उघडतानाचा व्हिडिओ काढा. डिस्क जोडल्यावर सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा क्रमांक लेबलशी जुळला नाही, तर चाचण्यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी परत पाठवा.