सहापैकी सहा बरोबर, आणि माझे 2,91,739 रुपये

आधी रक्कम सांगून टाकतो, कारण ती लपवून ठेवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. मी एकूण 2,97,939 रुपये भरले, त्यांपैकी 6,200 रुपये परत मिळाले, म्हणजे निव्वळ 2,91,739 रुपये बुडाले. ज्याचे बुडाले तो माणूस नागपुरातल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आहे. हे शेवटचे वाक्य लिहिणे मला रकमेपेक्षा जड गेले.

टेलिग्रामवरचा गट, आधी फुटबॉल सामन्यांचे फुकट अंदाज, मग वर्गणी, मग सामन्यांवर पैसे लावण्यासाठी कुठल्यातरी लिंकवरून उतरवून घ्यायचे ॲप आणि त्यात रोज फुगत जाणारी शिल्लक, हा सगळा प्रकार आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो, त्यामुळे त्याची साग्रसंगीत हकिगत सांगत बसत नाही. मी सट्टेबाजही नाही. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सामना असला की शहरात कोण कुठे पैसे लावतो हे नागपूरकराला सांगावे लागत नाही, पण मी आयुष्यात कधी कोणा बुकीच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. मला जाळ्यात ओढले ते पैशाच्या लोभाने नव्हे, निदान सुरुवातीला तरी नव्हे. ते एका एक्सेल पत्रकाने.

जानेवारी 2024 मध्ये आलेल्या त्या पत्रकात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल सामन्यांचा हिशेब होता आणि तो पॉयसन वितरणाने, म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट ठराविक काळात किती वेळा घडेल याची संभाव्यता सांगणाऱ्या सूत्राने, मांडलेला होता. हे वितरण पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाच्या 1837 च्या ग्रंथातले. मी ते दरवर्षी बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाच्या 1898 मधल्या उदाहरणाने शिकवत असे: प्रशियाच्या घोडदळाच्या दहा तुकड्या, वीस वर्षे, घोड्याची लाथ बसून मेलेले 122 सैनिक, आणि त्या मृत्यूंची वर्षवार विभागणी सूत्राशी किती सुंदर जुळते ते. गोलही तसेच, क्वचित आणि एकेकटे होणारे. 1982 मध्ये माहेर नावाच्या संशोधकांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असा गुणांक देऊन त्यावरून दोन्ही संघांच्या गोलांची सरासरी काढण्याची रीत मांडली, आणि 1997 मध्ये डिक्सन व कोल्स यांनी शून्य-शून्य, एक-शून्य, शून्य-एक, एक-एक या कमी गोलांच्या निकालांसाठी तिच्यात दुरुस्ती सुचवली. गट चालवणाऱ्या गृहस्थांना ही दोन्ही नावे तोंडपाठ होती. मला कोणीतरी ‘सर’ म्हणून डिक्सन-कोल्सबद्दल प्रश्न विचारत आहे, याचे निवृत्तीनंतर चार वर्षांनी मला काय वाटले असेल ते निवृत्त शिक्षकांनाच कळेल.

मी आंधळेपणाने विश्वास ठेवला असे कोणी म्हणू नये, कारण मी पत्रक तपासले होते. यजमान संघाची सरासरी 1.6 गोल आणि पाहुण्यांची 1.1 धरली, तर यजमान जिंकण्याची संभाव्यता सुमारे 49 टक्के, बरोबरीची 25 आणि पाहुण्यांची 26 येते; पत्रकातही तेच होते. गणित अचूक होते. फक्त ते गणित आणि मला येणारे अंदाज यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, आणि ते मी तपासले नाही. याच उदाहरणात सर्वांत संभाव्य निकाल एक-एक हा आहे आणि त्याची संभाव्यता बारा टक्केसुद्धा भरत नाही. म्हणजे उत्तम मॉडेल वापरणाऱ्यानेही नेमका निकाल सांगितला, तर तो शंभरातून अठ्ठ्याऐंशी वेळा चुकणार. त्या गटाच्या माथ्यावर मात्र ‘92 टक्के अचूकता’ असे लिहिलेले होते. जो कोणी फुटबॉलमध्ये 92 टक्के म्हणतो तो खोटे बोलतो आहे, इतके समजायला संख्याशास्त्र लागत नाही. मला ते समजत असूनही मी पुढे गेलो.

फुकटचे सहा अंदाज आले, सगळे एकाच प्रकारचे: सामन्यात एकूण गोल अडीचपेक्षा जास्त की कमी, म्हणजे ओव्हर की अंडर. सहाच्या सहा बरोबर आले. मी मनात हिशेब केला की नाणे उडवून असे होण्याची शक्यता चौसष्टात एक, म्हणजे दीड टक्का, आणि पाच टक्क्यांहून कमी शक्यतेची गोष्ट योगायोग धरायची नाही या संख्याशास्त्रातल्या रूढ कसोटीवर हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. एकतीस वर्षे फळ्यावर लिहिलेले वाक्य मी स्वतःवरच चालवले. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता: असे अंदाज एकूण किती जणांना गेले? 640 माणसांपैकी निम्म्यांना ओव्हर आणि निम्म्यांना अंडर कळवायचे, ज्यांचे चुकले त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. सहा सामन्यांनंतर सहापैकी सहा बरोबर पाहिलेली दहा माणसे हमखास उरतात. यासाठी ना पॉयसन लागतो ना फुटबॉल. त्या दहांत मी होतो, आणि ही युक्ती मी स्वतः वर्गात गंमत म्हणून सांगत असे.

आता तो क्षण, जो मला अजून रात्री झोपू देत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी आणि माझे एक जुने सहकारी गोकुळपेठेत चहा पीत उभे होतो. बोलता बोलता कळले की तेही त्याच गटात होते आणि दुसऱ्या सामन्यानंतर सोडून गेले होते. मी म्हणालो, ‘‘दुसरा तर बरोबर आला होता, ओव्हर.’’ ते म्हणाले, ‘‘काहून बाप्पा, मला तर अंडर आलं होतं.’’ सामना एक, गट एक, दिवस एक, आणि अंदाज उलटे. सगळा डाव माझ्या पुढ्यात त्या चहाच्या कपाशेजारी उघडा पडला होता. मी काय केले? मी त्यांनाच समजावून सांगितले की जोखमीच्या गटानुसार दोन वेगवेगळी मॉडेल्स चालवत असतील. लुच्च्याची सफाई द्यायला लुच्च्याची गरजच उरली नाही, मी फुकटात उभा होतो. त्यावेळी माझे फक्त 2,499 रुपये, एका महिन्याची वर्गणी, गेले होते.

त्यानंतर 11,800 रुपये वार्षिक सदस्यत्वाचे, त्यात दहा हजारांवर अठरा टक्के जीएसटी लावलेली पावती. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो. त्या पावतीवरचा 41 ने सुरू होत होता आणि तो कुठल्याच राज्याचा संकेतांक नाही. पावती मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका, तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहायला एक मिनिट लागते. मग ॲपमध्ये 50,000 टाकले, त्यातून 6,200 रुपये खात्यात काढून दाखवले. त्या 6,200 रुपयांनी माझा जेवढा घात केला तेवढा बाकी कशाने केला नाही. मार्चमध्ये 75,000, पुढच्या पंधरवड्यात मुदत ठेव मोडून 1,20,000. सौभाग्यवतींना सांगितले की बँकेत व्याजदर वाढले म्हणून ठेव हलवतो आहे.

एक गोष्ट मार्चमध्येही दिसायला हवी होती. पत्रकात जवळजवळ प्रत्येक सामन्याच्या गोलांची बेरीज 2.7 च्या आसपास येत होती, आणि त्या वर्षीचा हंगाम तर गोलांचा पाऊस पाडत होता. शेवटी 380 सामन्यांत 1,246 गोल झाले, म्हणजे सामन्यामागे 3.28. चालू हंगामाची माहिती घेणारे कोणतेही मॉडेल 2.7 वर अडून बसले नसते. पत्रक जुने होते, कुठून तरी उचललेले होते, आणि त्यातले आकडे कोणी बदलतही नव्हते.

एप्रिलमध्ये ॲपवर 6,44,000 रुपये शिल्लक दिसत होती. काढायला गेलो तर आधी सहा टक्के ‘कर’ भरा म्हणाले, म्हणजे 38,640 रुपये. तेही भरले. खरा कर कापून घेतात, आधी भरायला लावत नाहीत. ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ कमाईवर एप्रिल 2023 पासून तीस टक्के टीडीएस आहे आणि तो पैसे देणाऱ्यानेच कापायचा असतो. तुमचेच पैसे काढण्यासाठी कोणी आणखी पैसे मागितले, तर त्या क्षणी बोलणे थांबवा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा 1930 हा क्रमांक लावा. मी तीन दिवस वाट पाहिली, लाजेपोटी. त्या तीन दिवसांत पैसे चार खात्यांतून पुढे गेले होते.

यानंतरचे वर्णन करताना माझा तोल जातो, तरी सांगतो. 1930 वर तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. तो घेऊन एका पोलीस ठाण्यात गेलो, तर हे प्रकरण आमच्याकडे येत नाही म्हणाले. त्यांनी पाठवले तिथे गेलो, तर आधी राहत्या भागातल्या ठाण्यातून लिहून आणा म्हणाले. पाच खेपा झाल्या. दर खेपेला नवा शिपाई आणि दर खेपेला पहिल्यापासून कहाणी, बाकावर बसलेल्या दहा जणांच्या देखत. एका अधिकाऱ्याने पॉयसन म्हणजे काय ते विचारले. मला वाटले, चला, कोणीतरी समजून घेत आहे. दोन मिनिटे ऐकून ते म्हणाले, ‘‘सर, म्हणजे तुम्ही सट्टाच खेळत होता ना? तुमच्यावरच गुन्हा दाखल व्हायचा.’’ माझा अर्ज त्यांनी ‘चौकशीकामी’ ठेवून घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी उठलो आणि तो अर्ज नंतर कोणालाच सापडला नाही. बँकेत तर व्यवस्थापकांनी वर न पाहता सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे हा व्यवहार अधिकृत धरला जातो. जिथे वीस वर्षे माझे निवृत्तिवेतनाचे आणि पगाराचे खाते आहे, जिथे सत्तर रुपयांच्या धनादेशावरची सही जुळत नाही म्हणून मला दोनदा परत पाठवले होते, तिथून एका पंधरवड्यात पावणेदोन लाखांहून जास्त रक्कम अनोळखी नावांवर गेली आणि एक फोन आला नाही. मी फसलो ही माझी चूक, हे मला मान्य आहे. पण ज्यांना या कामाचा पगार मिळतो त्यांची काहीच चूक नाही, हे मी मान्य करणार नाही.

पैसे नेहमी व्यक्तींच्या नावावरच्या यूपीआयवर मागत होते, आणि दर वेळी नवे नाव होते. त्या प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, पडद्याचे फोटो आणि गटातले संदेश लगेच जपून ठेवा. भांडाफोड झाली की ते गट पुसून टाकतात. माझ्याकडे सहापैकी फक्त दोन फुकट अंदाजांचे पुरावे उरले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला, तरी असल्या ‘मॉडेल’चे आमंत्रण मला त्यानंतरही दोनदा आले आहे.

चार खात्यांपैकी एकात 8,417 रुपये गोठवले गेले. ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल असे तेव्हा कळल्यावर मी धंतोलीत एका वकिलांना भेटलो. त्यांनी कागद पाहिले, सहानुभूती दाखवली आणि अर्जाची फी 7,500 रुपये सांगितली.