वायरीवरचा दिवा लागला म्हणजे हीटर चालू, असं धरू नका

१,८९० डॉलर. चार बॅटऱ्यांचे १,२४०, ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा हीटर) बदलण्याचे ५६० आणि वर ५ टक्के जीएसटी म्हणून ९०. कॅनडात एडमंटन शहराच्या बाहेर एका औद्योगिक वसाहतीतल्या गॅरेजवाल्याने माझ्याकडून एवढे पैसे घेतले आणि माझ्या ट्रकला चार भंगार बॅटऱ्या आणि एक नवी कोरी वायर लावून दिली. हीटर बदललाच नव्हता. जुना, जळालेला एलिमेंट इंजिनात तसाच होता आणि त्याच्या तोंडाला नवी वायर खोचलेली होती. पुढचा सगळा भुर्दंड धरून मी ५,२०१ डॉलरला बुडालो. आपल्या रुपयांत तीन लाखांच्या वर.

लाजेपोटी हिवाळाभर गप्प होतो. पण परवा साताऱ्याकडचा एक मुलगा, नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेला, मला त्याच गॅरेजचा पत्ता विचारायला लागला. "मराठी माणूस आहे म्हणे, स्वस्तात करून देतो." तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

हो, मराठीच आहे तो. म्हणून तर मी तिथे गेलो. पहिल्या दिवशी चहा पाजला, गाव विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं. आणि पैशाचा विषय निघाला तसा म्हणाला, "दादा, परमुलखात आपल्या माणसालाच टोपी घालीन का मी?" हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल, त्याच्याकडे आधी पावतीपुस्तक मागा आणि त्यावर जीएसटी नंबर छापलाय का ते बघा. माझ्या पावतीवर नव्हता. हाताने लिहिलेल्या दोन ओळी आणि एक शिक्का. ९० डॉलर टॅक्स मात्र बरोबर मोजून घेतला.

ज्यांनी प्रेअरीतला, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलखातला, हिवाळा अजून काढलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावरच डिझेल पेटतं. उणे तीसला इंजिनाच्या ब्लॉकचं गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, १५डब्ल्यू-४० ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, आणि नेमका त्याच वेळी बॅटरीचा जोर निम्म्याच्या खाली आलेला असतो. म्हणून इंजिनात कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेला एलिमेंट असतो. मोठ्या ट्रकला १,००० ते १,५०० वॅटचा, १२० व्होल्टवर चालणारा. बंपरखालून त्याची वायर लोंबत असते, ती पार्किंगमधल्या खांबावरच्या प्लगला लावायची. निघायच्या तीन-चार तास आधी लावला तरी पुरतो. आणि नवीन लोकांनी हे डोक्यात पक्कं ठेवावं की हा हीटर इंजिन तापवतो, बॅटरी नाही. बॅटरीला वेगळं ब्लँकेट किंवा खाली ठेवायचं हीटिंग पॅड मिळतं.

इथे याचं महत्त्व किती? १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टात वीज कमी पडायला लागली तेव्हा प्रत्येकाच्या मोबाइलवर आणीबाणीचा संदेश आला: जादा दिवे बंद करा, इलेक्ट्रिक गाड्या आत्ता चार्ज करू नका, ब्लॉक हीटर लावणं पुढे ढकला. म्हणजे आख्ख्या प्रांताच्या विजेच्या हिशेबात धरावी लागते अशी ही वस्तू आहे. आणि तिच्याच नावावर मला गंडवलं.

आता हीटर बदलल्याचं सांगितलं त्या दिवशीच्या गॅरेजच्या कोरड्या फरशीबद्दल. आजही ती आठवली की अंगाचा तिळपापड होतो. एलिमेंट काढायचा तर आधी कूलंट त्याच्या पातळीखाली उतरवावं लागतं, आणि पंधरा लिटरच्या इंजिनातलं कूलंट एका बादलीत मावत नाही. "दादा, समोर कॉफी घेऊन या, तोवर करतो," म्हणाला. मी परत आलो तर काम झालेलं. खाली बादली नाही, फनेल नाही, गाडीखाली लाल कूलंटचा एक थेंब सांडलेला नाही. पावतीवरही कूलंटची ओळ नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

कोणी म्हणेल, कळंबोलीत गाड्यांखाली वाढलेला माणूस तू, तुला कळलं कसं नाही? कळंबोलीत ब्लॉक हीटर कोणी पाहिलाय? बाहेर उणे बावीस, दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रँड प्रेअरीचा लोड, आणि गॅरेजच्या फरशीला मधोमध गटार होतं. पाइप मारून धुतली असेल, असं कोणालाही वाटलं असतं. शिवाय त्याने माझ्यासमोर वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये घातली आणि टोकातला छोटा दिवा लागला. "बघा, चालू झाला." तो दिवा वायरीच्या प्लगमध्ये बसवलेला असतो. वीज तिथपर्यंत आली एवढंच तो सांगतो. पुढचा एलिमेंट जिवंत आहे की मेलेला, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे इथे किती ड्रायव्हरांना ठाऊक आहे? मी नंतर विचारलं तेव्हा वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांनाही नव्हतं.

वीस-पंचवीस डॉलरचा मल्टिमीटर घ्या. हीटरची वायर भिंतीतून काढून तिच्या दोन चपट्या पिनांवर ओम मोजा. १,५०० वॅटच्या एलिमेंटला साधारण ९.६ ओम दिसले पाहिजेत, १,००० वॅटच्याला १४.४. मीटरवर काहीच आलं नाही तर एलिमेंट किंवा त्याची वायर तुटलेली आहे, मग दिवा कितीही लागू दे. मीटर नसेल तर वायर लावून काही मिनिटांनी ब्लॉकजवळ कान द्या, कूलंट तापल्याचा बारीक सूं-सूं आवाज येतो.

बॅटऱ्यांचा डाव याहून नीच होता. माझ्या ट्रकला ग्रुप ३१ मापाच्या चार लागतात. त्याने चार आणल्या. वर चकचकीत नवे स्टिकर, ९५० सीसीएचा (थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा) आकडा, "या महिन्याचा माल आहे". मीटर लावून दाखवला, १२.९ व्होल्ट. नुकतीच चार्जरवरून काढलेली मरतुकडी बॅटरीही एवढे व्होल्ट दाखवू शकते. तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट काही मिनिटं लावून, मग बंद करून थोड्या वेळाने मोजलं की खरा आकडा कळतो. मी लोड टेस्ट करा म्हटलं, अगदी स्पष्ट म्हटलं. उत्तर आलं, "टेस्टर दुसरा मेकॅनिक घेऊन गेलाय." लोड टेस्ट म्हणजे सीसीएच्या निम्मा लोड पंधरा सेकंद द्यायचा, आणि खोलीच्या उबेत असलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. बॅटरी विकणाऱ्याकडे टेस्टर नाही म्हटलं की तिथून निघा.

चौथी बॅटरी पेटीत ठेवायला मी हात लावला, तेव्हा झाकणाच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढी जागा खरखरीत लागली. वरून काळा स्प्रे मारलेला, तो माझ्या बोटाला लागला. स्टडचे आटेही घासलेले, नट चढवून उतरवलेले असतात तसे. मी विचारलं. "गोदामात घासते दादा, प्लास्टिक आहे." त्या कोपऱ्यावर तारखेचा कोड होता, तो ग्राइंडरने उडवला होता. बऱ्याच कंपन्यांत महिन्याचं अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा. स्टिकर कोणीही छापतो. प्लास्टिकमध्ये दाबलेला कोड बघा, आणि तो नसेल तर बॅटरी घेऊ नका.

आणि माझ्या जुन्या चार? त्या त्याने कोअर म्हणून, म्हणजे नव्या घेताना अनामतीच्या बदल्यात परत द्यायच्या जुन्या म्हणून, ठेवून घेतल्या. त्यातल्या दोन तरी अजून बऱ्या होत्या. नवे स्टिकर लावून त्या पुढच्या कोणाच्या तरी गळ्यात मारल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुन्या बॅटऱ्या देताना केसवर खिळ्याने खोल ओरखडा काढून द्या.

मग एके रात्री व्हाइटकोर्ट गावाबाहेर एका मोटेलच्या आवारात गाडी लावली. उणे ३६. वायर खांबाला लावली, दिवा लागला. केबिनमध्ये बंक हीटर (झोपायची जागा गरम ठेवणारा छोटा हीटर) चालू करून झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास थंडीने जाग आली. बंक हीटरचा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो, व्होल्टेज पडलं की तो आपोआप बंद होतो, तसा बंद पडला होता. पाण्याच्या बाटलीत बर्फ आणि काचेला आतून पांढरा थर. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. खाली उतरून ब्लॉकला हात लावला तर आजूबाजूच्या लोखंडाइतकाच गार. रात्रभर वायर लावलेली असताना! मोटेलवाल्या बाईंनी दार उघडून आत घेतलं म्हणून मी आज धड आहे. फॉक्स क्रीकच्या पुढे एकट्या रस्त्यात हे झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

बॅटरीची पेटी उघडली तर एकीची बाजू फुगून चिरली होती. आत बर्फ. चारही बॅटऱ्या पॅरलल, म्हणजे एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात, एकीचा सेल गेला की बाकी तिघींचा करंट रात्रभर तिच्यात जात राहतो. चांगली भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच गोठते. फुगलेल्या बॅटरीला कधीही जम्प देऊ नका, फुटून अ‍ॅसिड तोंडावर येतं.

टोइंग ६८५. नव्या चार बॅटऱ्या कोअरची अनामत धरून १,३८०, खरा एलिमेंट, कूलंट आणि मजुरी ७४०, त्यावर १०६ टॅक्स. लोड उशिरा पोचला म्हणून ब्रोकरने ४०० कापले. तिथल्या मेकॅनिकने जुना एलिमेंट माझ्या हातात दिला. काळा पडलेला, बाजूला भेग, वर क्षाराचा थर. कित्येक वर्षं तो इंजिनाबाहेर आलेला नव्हता.

मी गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणे, "दादा, तुमच्या बंक हीटरनेच बॅटऱ्या खाल्ल्या." बंक हीटरला दोन-अडीच अँपिअर लागतात, आठ तासांचे वीस अँपिअर-अवर. चार चांगल्या ग्रुप ३१ मध्ये मिळून चारशेच्या आसपास असतात. हा हिशेब सांगितला तर फोन कापला. नंतर नंबरच बंद.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही वस्तू विकत घेतली, ती खराब निघाली, हा दिवाणी मामला आहे. ग्राइंडरने तारीख उडवणं, हीटर न बसवता त्याचे पैसे घेणं, हा दिवाणी मामला? वस्तू खराब निघणं वेगळं आणि खोटी वस्तू खरी म्हणून गळ्यात मारणं वेगळं, एवढा फरक मी मोडक्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होतो आणि समोरचा माणूस कॉम्प्युटरकडे बघत होता. ग्राहक तक्रारीच्या नंबरवर फोन केला तर तासभर गाणी ऐकवल्यावर एक बाई म्हणाल्या, ट्रक धंद्याचा आहे, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. ग्राहक म्हणजे घरगुती वापरासाठी घेणारा. मी एकटा माणूस, एक गाडी, तिचेही हप्ते चालू, आणि कायद्याच्या लेखी मी व्यापारी कंपनी! उद्या याच गॅरेजने एखाद्याच्या घरच्या कारला असंच केलं तर तक्रार घेणार, आणि उणे ३६ मध्ये केबिनमध्ये झोपणाऱ्याची घेणार नाही? त्यांनी आणखी एक नंबर दिला. त्या नंबरवाल्यांनी परत पोलिसांकडे पाठवलं. बँकेने कानावर हात ठेवले: ई-ट्रान्सफर तुम्ही स्वतः केलंय, समोरच्याने स्वीकारलंय, आता परत येत नाही. म्हणून सांगतो, अनोळखी गॅरेजला क्रेडिट कार्डानेच पैसे द्या. निदान वाद घालायला जागा राहते. तो "कार्डाला तीन टक्के जास्त पडतील" म्हणाला होता. ते तीन टक्के खुशाल द्या.

शेवटी राहिलं कोर्ट. दावा करायचा तर समोरच्याचं कायदेशीर नाव आणि पत्ता हवा. बोर्डावरच्या नावाची कंपनीच नोंदलेली नाही, पैसे गेले ते त्याच्या मेव्हण्याच्या नावाच्या खात्यात, आणि जागा दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेली. पैसे पाठवण्याआधी खात्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळवा, जुळलं नाही तर चहा तसाच ठेवून उठा.

मी दावा टाकलाय, मेव्हण्याच्याच नावाने. तारीख अजून पडलेली नाही. व्हाइटकोर्टला कोअरचे पैसे परत मिळत होते तरी ती चिरलेली बॅटरी मी दिली नाही. जुना एलिमेंट आणि ती बॅटरी, दोन्ही प्लास्टिकच्या टबात घालून शेडमध्ये ठेवलीत, कोपऱ्यावरच्या ग्राइंडरच्या खुणेचे जवळून फोटो काढलेत आणि मेकॅनिककडून दोन ओळी लिहून सही घेतलीय. तुमच्या बाबतीत असं झालं तर कोअरचे पैसे बुडू द्या, पण बॅटरी परत देऊ नका.