कोबिल्ड शब्दकोश: 'रन' उघडून केलेली पारख

कुठलाही इंग्रजी शब्दकोश हाती आला की मी आधी त्यात 'रन' उघडते. दुर्मीळ, जडजंबाल शब्द बहुतेक कोश नीट सांगतात. कस लागतो तो अशा चिमुकल्या, रोजच्या शब्दावर. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने एकट्या 'रन' क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवलेत, आणि ती नोंद नव्याने लिहायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले. पण तो कोश संशोधनाचा. भाषांतर करताना हाताशी मात्र मला कॉलिन्स कोबिल्ड हा इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो.

जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तयार झालेला हा कोश 1987 मध्ये पहिल्यांदा आला. लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेलं-बोललेलं इंग्रजी संगणकात साठवायचं, ते चाळायचं आणि त्यातूनच अर्थ व उदाहरणं काढायची, ही त्याची पद्धत. आणि अर्थ सांगायचा तो पूर्ण वाक्यात.

या पूर्ण वाक्यामुळेच मला हा कोश इतका आवडतो. 'रन' म्हणजे 'चालवणे' एवढंच सांगून कोबिल्ड थांबत नाही. तुम्ही एखादा व्यवसाय 'रन' करता तेव्हा त्याची जबाबदारी तुमच्याकडे असते, अशा धाटणीनं तो सांगतो. म्हणजे कर्ता कोण, कर्म कोणतं, हे अर्थाबरोबरच कळतं. मराठी माणसाला नेमकं हेच हवं असतं, कारण कर्ता बदलला की आपलं क्रियापदही बदलतं. नदी 'रन' होते तेव्हा वाहते, नाक गळतं, धुताना कपड्याचा रंग जातो, रस्ता कुठूनतरी कुठेतरी जातो, करार अमुक वर्षं लागू राहतो, नाटकाचे प्रयोग चालू असतात. उमेदवार निवडणूक लढवतो, आजाऱ्याच्या अंगात ताप असतो, आणि धोका असेल तर तो पत्करावा लागतो. नुसती प्रतिशब्दांची रांग दिली तर यातला कुठला कुठे बसवायचा हे कळणार कसं? कोबिल्डमध्ये ते वाक्यातच दिसतं.

दुसरी गोष्ट नामाची. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात क्रियापदाचे आणि नामाचे अर्थ वेगवेगळे दिलेले असतात. कोबिल्ड अर्थाच्या धाग्यानं जातो: पळण्याचा अर्थ आला की तिथेच, हे नामही आहे, असं सांगून उदाहरण देतो. वाचताना एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी दिसतात. क्रिकेटमधली धाव, सलग आलेल्या यशाची किंवा अपयशाची मालिका, ठेवी काढायला बँकेवर उडालेली झुंबड, हे मात्र निव्वळ नामाचे अर्थ, त्यांना स्वतंत्र क्रमांक मिळतात. 'रन'सारख्या लांबलचक नोंदीत घाईच्या वेळी असं नाम शोधणं जिकिरीचं होतं, हे खरं.

'रन इन्टू', 'रन आउट ऑफ', 'रन ओव्हर' ही जोडक्रियापदं नोंदीच्या शेवटी वर्णानुक्रमे येतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. 'रन इन्टू' म्हणजे अचानक गाठ पडणं, अडचणीत सापडणं, किंवा वाहनाची धडक बसणं; कुठला अर्थ घ्यायचा ते पुढचं नामच ठरवतं आणि उदाहरणांतून ते पटकन उमगतं.

पूर्ण वाक्यांना जागा जास्त लागते, त्यामुळे व्याख्या लांब होतात. एका नजरेत अर्थ हवा असणाऱ्याला हा कोश संथ वाटेल. व्युत्पत्तीसाठीही दुसरीकडे जावं लागतं. अगदी नवशिक्यानं तो घेऊ नये, कारण व्याख्याच इंग्रजीत आहे आणि ती वाचण्याइतकी भाषा आधी यायला हवी. पण साधं इंग्रजी वाचता येतं आणि लिहिताना मात्र अडखळायला होतं, अशा कुणालाही मी हाच घ्यायला सांगेन, सोबत एखादा चांगला इंग्रजी-मराठी कोश ठेवून.