हिप्पोथेरपीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव: पाठीची रुंदी कोणीच सांगत नाही

हिप्पोथेरपी म्हणजे चालत्या घोड्याच्या पाठीवर बसवून दिले जाणारे उपचार. आमच्या केंद्रातील काठेवाडी घोडी खुरात पू झाल्यामुळे लंगडू लागली, तिच्या जागी दुसरा घोडा उभा राहिला आणि शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले, म्हणून हे लिहीत आहे. हेल्मेट, लगाम धरणारा, दोन्ही बाजूंनी चालणारे मदतनीस, खोगिराऐवजी गादी आणि मुठींचा पट्टा ही तेथील नेहमीची व्यवस्था.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) आहे. दोन्ही पाय ताठर असून मांड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात. सुरू करण्यापूर्वी केंद्राने खुब्यांचा एक्स-रे मागितला आणि फिट्सबद्दल विचारले, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. खुबा निसटलेला असेल किंवा फिट्स आटोक्यात नसतील, तर मुलाला घोड्यावर बसवू नये. चालत्या घोड्याच्या पाठीवर बसणाऱ्याचे ओटीपोट आणि कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते व थोडी वळतेही, म्हणजे जवळजवळ माणूस स्वतः चालताना हलते तशीच. घोडा मिनिटाला शंभराच्या आसपास पावले टाकतो, त्यामुळे वीस मिनिटांत धडाला सुमारे दोन हजार वेळा तोल सावरावा लागतो. इतकी आवर्तने फिजिओथेरपीच्या गादीवर कोणतेही मूल करून देणार नाही. पावसाळा संपेपर्यंत मुलगी जेवताना खुर्चीला न टेकता बसू लागली. नियमित फिजिओथेरपीही चालू असल्याने सगळे श्रेय घोडीला देता येत नाही, परंतु तिच्यावरून उतरल्यावर काही तास मांड्या सैल राहतात हे तिच्या पायांना पट्टे बांधताना माझ्या हाताला कळते.

सुरुवातीला माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. सत्राचा जवळजवळ निम्मा वेळ खरारा करण्यात आणि चंदी भरवण्यात जात असे, आणि फिजिओथेरपीच्या दुपटीने पैसे देऊन आपण मोतद्दाराचे काम करतो आहोत, असे मी तेथे बोलूनही दाखवले होते. आता तो वेळ कमी करू नका, असे मीच सांगते. कारण घरी वॉकर सोडून क्षणभरही न थांबणारी मुलगी घोडीच्या मानेपर्यंत ब्रश पोहोचावा म्हणून टाचा टेकवून, हात वर करून उभी राहते. तबेल्यात वावरायचे असल्याने धनुर्वाताची लस मात्र वेळेवर दिलेली असावी.

आता रुंदीविषयी. काठेवाडी घोडी अंगाने सडपातळ होती, त्यामुळे मुलीच्या मांड्या हळूहळू उघडत आणि पाय खाली लोंबत. बदली घोडा उंच व पोटाने सुटलेला. त्याच्यावर मांड्या एकदम ताणल्या गेल्या, तशा त्या उलट आवळल्या, गुडघे वर आले, कंबर मागे कलली आणि बाजूच्या मदतनिसांचे हात तिच्या कमरेपर्यंत नीट पोहोचेनात. तिने सगळा वेळ पट्टा घट्ट धरून काढला. माहितीपत्रकात घोड्याचा रंग, वय आणि स्वभाव आहे. पाठ किती रुंद आणि चाल किती लांब, याचा उल्लेख नाही. ज्या पाठीसाठी आपण पैसे मोजतो, तिचेच माप दिलेले नाही.

तक्रार केल्यावर “घोडा शांत आहे” एवढेच उत्तर मिळाले. त्याच्या शांतपणाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. त्याच कार्यालयाच्या भिंतीवर लिस हार्टेल यांची माहिती लावलेली आहे. पोलिओमुळे गुडघ्यांखाली पाय अधू असताना डेन्मार्कच्या या स्वाराने 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे) रौप्यपदक मिळवले आणि 1956 मध्ये पुन्हा तेच मिळवले. दोन्ही वेळा घोडी एकच होती, ज्युबिली. हे मी व्यवस्थापकांना वाचून दाखवले. त्यांना ते रुचले नाही.

बऱ्याच वादानंतर पुढील महिन्याच्या शुल्कातून काही रक्कम वळती झाली, पूर्ण नाही. उपचार बंद केलेले नाहीत, कारण फायदा दिसतो आहे. मात्र महिन्याचे आगाऊ पैसे आता देत नाही. सकाळी फोन करून घोडी चालती आहे का ते विचारते, त्या दिवसापुरते शुल्क भरते आणि पावतीवर घोडीचे नाव लिहून घेते. नव्याने जाणाऱ्या पालकांनी पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टना सोबत न्यावे आणि मुलाला त्याच घोड्यावर बसवून मांड्या, गुडघे व टाचा पाहून घ्याव्यात. पैशांचे बोलणे त्यानंतर करावे.