लिनक्ससोबत विंडोज: ड्युअल बूट की व्हर्च्युअल मशीन?

लिनक्स रोजचं आहे पण टॅलीसाठी किंवा एखाद्या सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचा टोकन लावायला विंडोज लागतंच, अशांसाठी माझं मत सरळ आहे, आधी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आतच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, करून बघा. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम हे सॉफ्टवेअर टाकायचं, विंडोज एका खिडकीत चालतं, स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घेऊन ठेवला की काही बिघडलं तरी मिनिटात मागे जाता येतं, आणि तो यूएसबी टोकनसुद्धा आत जोडता येतो. अडचण रॅमची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी हवी, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोघंही कुरकुरतात, १६ असेल तर मजेत.

ड्युअल बूटमध्ये, म्हणजे दोन्ही सिस्टिम वेगवेगळ्या टाकून संगणक सुरू करताना एक निवडायची, सगळं हार्डवेअर एकालाच मिळतं, त्यामुळे गेम्स आणि जड व्हिडिओ एडिटिंगला तोच पर्याय, व्हॅलोरंटसारखे गेम तर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतच नाहीत. पण दरवेळी रीस्टार्ट करा, हे फार कंटाळवाणं. शिवाय विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा तिचा भाग) छोटं करायच्या आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, प्लीज, हे टाळू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. आणि घड्याळ साडेपाच तास पुढेमागे झालं तर घाबरू नका, लिनक्स हार्डवेअरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक, एकाची सेटिंग बदलली की झालं.