पट्टेवाली जर्सी, 14 नग, आणि वरून फुकटची पनवती

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते सांगतो, पण त्यासाठी मधी युरोपातल्या फुटबॉलच्या सात फायनल येणारेत, घाई असेल तर शेवटचे दोन पॅरे वाचा आणि निघा.

जर्सी छापून देणारं दुकान छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं तक्रारही लिहायचीय आणि दुकानवाल्या भाईशी आपलं रोजचं चहापाणी आहे. खाली साड्यांचं दुकान, बाजूनं जिना, वर एकच खोली. खोलीत हीट प्रेसची मशीन आणि तिच्यासमोर एक टेबल फॅन, जो गिऱ्हाइकाकडं नाही, मशीनीवरच्या पोराकडं तोंड करून ठेवलेला असतो. मे महिन्यात दुपारी तिथं गेलात तर दहा मिनिटांत स्वतःचीच इस्त्री होते. संध्याकाळी जा.

आम्ही बीड बायपासच्या टर्फवर फुटबॉल खेळतो, दरवर्षी उन्हाळ्यात टूर्नामेंट असते, आणि आमची टीम सलग तीन वर्षं फायनलला जाऊन हरलीय. म्हणून यंदा नवीन जर्सी. मी लहानपणापासून इटलीतल्या युव्हेंटस क्लबवाला, त्यांची जर्सी तशीच, त्यामुळं काळे-पांढरे पट्टे ठरवून टाकले, बाकीच्यांनी फार विचार केला नाही. डॉट निटचं कापड, पट्टे सब्लिमेशनमधी, म्हणजे रंग कापडातच उतरवलेला, नाव-नंबर मात्र वरून चिकटवलेले, 320 रुपये नग. कापड हाताला चांगलं लागतं, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही, खांद्याची शिलाई डबल आहे. ह्याच्यात बोट ठेवायला जागा नाही.

आता भाई. भाई मिलानवाला, म्हणजे इटलीतल्याच दुसऱ्या क्लबचा. मोबाईलवर डिझाईन दाखवलं तर त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "मियाँ, ये मत लो, ये फायनल हारने का कपडा है." बास, तिथून दीड तास. ॲडव्हान्सची पावती राहिली बाजूला, दोनदा चहा आला, गोलकीपर सोबत होता तो मधल्या मधी भरडला गेला.

भाईचं म्हणणं सोपं. युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप म्हणजे चॅम्पियन्स लीग, तिच्या, आधीच्या युरोपियन कपसकट, नऊ फायनल युव्हेंटस खेळली, जिंकली दोन, हरली सात. एवढ्या कुणीच हरलेलं नाही. मिलान अकरा खेळली, सात जिंकली. रियाल माद्रिद अठरा खेळली, पंधरा जिंकली. मग युव्हेंटस कसलं मोठं घराणं, म्हणे, हे तर लग्नाच्या पंगतीत दरवेळी बसणारं आणि दरवेळी जिलेबी संपल्यावर वाढपी ज्याच्यापर्यंत पोचतो ते पाव्हणं.

जिलेबीचं मला लागलं खरं. पण मी म्हटलं भाई, सात हरली सात हरली म्हणता, एकेक उघडून तर बघू. 1973 ला बेलग्रेडमधी समोर आयाक्स, तिसरा कप ओळीनं घेणारी, क्रायफची टीम, पाचव्या मिनिटाला एक गोल खाल्ला आणि 1-0. त्या आयाक्सपुढं कोण टिकलं होतं? 1998 ला रियालशी 1-0, मियातोविचचा गोल, रियालवाले 32 वर्षं त्या कपासाठी उपाशी होते. 2003 ला तर तुमच्याच मिलानशी, मँचेस्टरला, दोन तास 0-0 आणि पेनल्टीवर 3-2. आमच्या बुफॉननं दोन अडवल्या, तुमच्या दिदानं तीन. आणि आमचा नेदव्हेद त्या मॅचमधी नव्हताच, सेमीफायनलला पिवळं कार्ड घेऊन बाहेर बसला होता, त्याच वर्षी युरोपातला बेस्ट प्लेअर ठरलेला माणूस. 2015 ला बर्लिनमधी मेस्सी-सुआरेझ-नेमारची बार्सिलोना, तिथं आमच्या मोराटानं 1-1 करून पोरांनी दहा-पंधरा मिनिटं त्यांना घाम फोडला होता, मग 3-1. ह्या चारला पनवती म्हणणं म्हणजे नुसता आळस आहे.

उरल्या तीन. 1983 अथेन्सची मी झाकत नाही. टीममधी झॉफ, जेन्टिले, कॅब्रिनी, शिरेआ, टार्डेली, रॉसी, म्हणजे आदल्याच वर्षी वर्ल्ड कप जिंकलेले सहा इटालियन, वरून प्लाटिनी आणि बोनियेक, आणि समोर हॅम्बुर्ग. त्यांच्या मागाथनं सुरुवातीलाच लांबून एक घातला आणि उरलेले ऐंशी मिनिटं ह्यांना काही सुचलं नाही. 1997 म्युनिकला डॉर्टमुंडशी 3-1, झिदानला लॅम्बर्ट नावाच्या स्कॉटिश माणसानं सावलीसारखं धरलेलं, आमच्या डेल पिएरोला हाफ टाइमनंतर मैदानात उतरवलं, त्यानं टाचेनं गोल केला, तेवढ्यात डॉर्टमुंडचं रिकेन नावाचं वीस वर्षांचं पोरगं मैदानात आलं आणि पहिल्याच टचला युव्हेंटसचा गोलकीपर पेरुझ्झी, त्याच्या डोक्यावरून बॉल घालून बसलं. ते बघायचं असेल तर आजही बघा, वाईट वाटतं पण काय मारलाय.

आणि मग 2017 चं कार्डिफ, समोर परत रियाल. ही मी स्वतः बघितलेली. आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू झाली, रोनाल्डोचा गोल झाला, आमच्या मंझुकिचनं गोलाकडं पाठ करून हवेत असा काही मारला की मी गच्चीवरून ओरडलो आणि खालच्या काकूंनी लाईट लावली. हाफ टाइम 1-1. तेवढ्यात आमच्या भागातली लाईट गेली. परत आली तेव्हा 3-1 झालेलं. मला वाटलं चॅनल चुकलं. शेवटी 4-1.

इथं आमचा गोलकीपर पहिल्यांदा बोलला. तो दौलताबादकडचा आहे, घरी पेरूची बाग. म्हणाला, हे तर आमच्या किल्ल्यासारखं झालं. देवगिरी कुणाला लढून घेता येईना असा किल्ला, पण अल्लाउद्दीन आला तेव्हा रामदेवराय आत बसला, धान्याच्या गोण्या भरपूर आहेत म्हणून निवांत, आणि उघडल्या तर आत मीठ निघालं म्हणतात. युव्हेंटसनं त्या सीझनला फायनलच्या आधी बारा मॅचमधी फक्त तीन गोल खाल्ले होते. बारात तीन! आणि एका रात्रीत चार. गोण्या उघडल्या ना भाऊ.

भाई खूश झाला, त्याला वाटलं गोलकीपर आपल्या पार्टीत आला. पण गोलकीपर पुढं म्हणाला, मीठ निघालं म्हणून यादव घराणं नव्हतंच असं कुणी म्हणतं का? तेव्हा मात्र भाईनं चहा खाली ठेवला.

माझा मुद्दा तोच आहे, फक्त मला तो एवढा नीट मांडता आला नव्हता. घरच्या राज्यात, म्हणजे इटलीत, युव्हेंटस म्हणजे घराणंच: 36 लीग, त्यातल्या 2012 ते 2020 ओळीनं नऊ, दुसऱ्या नंबरवरची इंटर बरीच मागं. 2006 च्या फिक्सिंगच्या भानगडीत दोन टायटल काढून घेऊन खालच्या डिव्हिजनला ढकललं होतं, त्या डागाबद्दल भाई बोलला आणि मी गप्प बसलो कारण त्याला उत्तर नाही. पण बाहेर गेलं की हरतातच हेही खोटं, युएफा कप, कप विनर्स कप आणि युरोपियन कप असे युरोपातले तिन्ही कप घेणारा पहिला क्लब हाच. जर्मनीची बायर्न पाच फायनल हरलीय, पोर्तुगालची बेनफिका पाच हरलीय. बेनफिकाला जुन्या कोचच्या शापाची गोष्ट मिळाली, बायर्नला कुणी काही म्हणत नाही कारण त्यांनी सहा जिंकल्यात. म्हणजे भांडण हरण्याचं नाहीच, जिंकलेल्या दोनचं आहे.

आणि ते दोन मलाच पुरत नाहीत, हे भाईला बोललो नाही, इथं लिहितो. दोन्ही कप पेनल्टीच्या ठिपक्यावरून आलेत. 1996 ला रोममधी आयाक्सशी 1-1 आणि मग शूटआउट. आणि 1985 ला प्लाटिनीची पेनल्टी, ज्यात बोनियेकला पाडलं ते बॉक्सच्या बाहेर होतं, आणि मॅचच्या आधी हेझेल स्टेडियममधी 39 माणसं मेलेली, बहुतेक युव्हेंटसचीच. त्या कपाचं पोस्टर मी कधी लावलं नाही. त्यामुळं युरोपातल्या घराण्यांची ओळ लावली, पहिल्या पाच ओळीनं घेणारी रियाल, सत्तरच्या दशकातली आयाक्स आणि बायर्न, 89-90 ची मिलान, तर त्या ओळीत मी माझी टीम बसवत नाही. तीन वर्षं ओळीनं फायनल, 96, 97, 98, त्यातल्या दोन जिंकल्या असत्या तर बसवली असती आणि भाईच्या दुकानात पेढे वाटले असते.

असो, जर्सी. शनिवारी देतो म्हणाला, सोमवारी दिली, आमची पहिली मॅच रविवारी होती ती जुन्या बनियनवर खेळलो. हे अर्ध्या स्टारचं. उरलेला अर्धा नंबरांचा. तिसऱ्या धुण्यात सातचा वरचा आडवा दांडा सुटला आणि पोरगं मैदानात एक नंबर घालून फिरायला लागलं, गोलकीपरला वाटलं आपली जागा गेली. पांढरे पट्टे पिवळट पडलेत पण त्याला दुकान जबाबदार नाही, आमच्या बोअरच्या पाण्यात पांढरं काहीच पांढरं राहत नाही, टँकरच्या पाण्यानं धुतलेल्या दोन जर्स्या अजून चांगल्यात. घेणार असाल तर पांढरं कमी असलेलं डिझाईन घ्या, आणि नंबरसुद्धा सब्लिमेशनमधीच करून मागा, वीस-तीस रुपये जास्त गेले तरी चालतील.

फायनल? पेनल्टीवर गेली. चौथी. भाईनं विचारलं नाही, आमची तोंडं बघून त्याला कळलं, सुटलेले नंबर मशीनीवर फुकटात परत दाबून दिले, सहाच्या सहा जर्स्या, पावतीपण मागितली नाही. मशीन तापेपर्यंत मी त्याला सांगितलं की युव्हेंटस सुरुवातीला गुलाबी घालायची, धुऊन धुऊन रंग उडायला लागला म्हणून 1903 ला इंग्लंडहून नॉट्स काउंटीच्या पट्ट्याच्या जर्स्या मागवल्या, तिथून हे काळे-पांढरे आले. भाईनं गुलाबी कापडाचा तागा काढून टेबलावर टाकला, बोटानं चोळून दाखवला, रंग जात नाही म्हणाला. 340 सांगितलाय, नंबरसकट. मी अजून हो म्हटलेलं नाही.