'स्लीपर' की 'इडिओक्रसी', आधी कुठला बघायचा?

भविष्याची खिल्ली उडवणारी साय-फाय कॉमेडी बघायचीय पण रात्री एकाच पिक्चरपुरता वेळ आहे, अशांसाठी हे लिहितोय. एक वुडी अ‍ॅलनचा १९७३चा 'स्लीपर', दुसरा माइक जजचा २००६चा 'इडिओक्रसी'. दोन्ही दीड तासात बसतात आणि दोन्हींची सुरुवातही सारखीच, साधासुधा माणूस झोपी जातो तो डायरेक्ट भलत्याच काळात उठतो. मी म्हणेन आधी 'स्लीपर' बघा, का ते सांगतो.

'स्लीपर'मधला माइल्स न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये हेल्थ फूडचं दुकान चालवतो आणि क्लॅरिनेट वाजवतो, अल्सरच्या किरकोळ ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट होतो आणि २०० वर्षांनी, म्हणजे २१७३ मध्ये, फॉइलमध्ये गुंडाळलेला बाहेर निघतो. उठल्या उठल्या तो नाश्त्याला व्हीट जर्म (गव्हाचा अंकुर) आणि ऑरगॅनिक मध मागतो, तर तिथले डॉक्टर चक्रावतात, कारण त्यांच्या काळात तळलेलं, स्टेक, हॉट फज (गरम चॉकलेट सॉस) हेच तब्येतीला चांगलं असं सिद्ध झालेलं असतं. सीन तसा छोटासाच आहे पण आज आपण तूप वाईट, तूप चांगलं, साखर सोडा, भात सोडा हे जे दर दोन वर्षांनी ऐकतो ना, त्या सगळ्याला तो ५० वर्षांपूर्वीच हात घालून बसलाय.

आणि यातली खरी मजा डायलॉगपेक्षा अंगाने केलेल्या कॉमेडीत आहे. पोलिसांपासून वाचायला माइल्स तोंडाला पांढरा रंग फासून नोकर-रोबो बनतो आणि नायिकेच्या, म्हणजे डायान कीटनच्या, घरी कामाला लागतो, तिथे इन्स्टंट पुडिंग फुगत फुगत भांड्याबाहेर येतं आणि हा झाडू घेऊन त्याला बडवतोय, मागे न्यू ऑर्लिन्सचा जॅझ चालू. मूकपटांच्या जमान्यातली कॉमेडी ज्यांना आवडते त्यांच्यासाठी हे सोनं आहे. सेटही जुनाट वाटत नाहीत, कारण बरंचसं शूटिंग कोलोरॅडोमधल्या खऱ्या इमारतींमध्ये झालंय, डोंगरावरचं ते तबकडीसारखं घर आजही तिथे उभं आहे. साय-फायसाठी दिला जाणारा १९७४चा ह्यूगो पुरस्कारही याला मिळालाय.

आता 'इडिओक्रसी'. लष्कराच्या लायब्ररीत काम करणाऱ्या जो नावाच्या, सगळ्याच बाबतीत अ‍ॅव्हरेज माणसाला एका वर्षाच्या प्रयोगासाठी २००५ मध्ये झोपवतात आणि विसरून जातात, उठतो तेव्हा २५०५ साल आणि जगातला सगळ्यात हुशार माणूस तोच! शेतात पीक येत नाही कारण पाण्याऐवजी एनर्जी ड्रिंक सोडतायत, का विचारलं तर सगळे जाहिरातीतलंच वाक्य म्हणून दाखवतात, यात इलेक्ट्रोलाइट्स आहेत. मग इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय? तर जे त्या ड्रिंकमध्ये असतं ते. हा सीन खरंच जबरदस्त लिहिलाय आणि टेरी क्रूजचा प्रेसिडेंट कमाचो तर फुल धमाल. स्टुडिओने तो मोजक्याच थेटरांत, जवळपास जाहिरात न करता लावला, लोकांनी तो नंतर घरी बघून डोक्यावर घेतला.

दोघांतला फरक एका गोष्टीत चटकन दिसतो. दोन्ही हिरोंची सरकारदरबारी नोंद नाही. 'स्लीपर'मध्ये त्यामुळेच सरकारविरुद्धच्या बंडखोरांना माइल्स हवा असतो, सिस्टीमला त्याचा पत्ताच नाही ना. 'इडिओक्रसी'मध्ये मशीन जोला नाव विचारतं, तो "नॉट शुअर..." असं अडखळतो आणि मशीन तेच त्याचं नाव म्हणून फायनल करून हातावर बारकोड गोंदतं. दुसरा जोक आज जास्त लागतो, हे मान्य. फॉर्ममध्ये एकदा नाव चुकलं की माणूस किती फेऱ्या मारतो ते आपल्याला माहितीये.

तरीही 'इडिओक्रसी'चा पाया मला खटकतो. हुशार लोकांनी पोरं होऊ दिली नाहीत, बाकीच्यांनी भरमसाट होऊ दिली म्हणून जग मठ्ठ झालं, ही मांडणी शेवटी गरीब, कमी शिकलेल्या लोकांवर येऊन पडते आणि तसा विचार गंमत म्हणूनही मला पटत नाही. 'स्लीपर'चा टोला वरच्यांना बसतो. हुकूमशहा बॉम्बस्फोटात उडालाय, उरलंय फक्त नाक, आणि त्या नाकापासून अख्खा नेता परत बनवायला डॉक्टरांची टीम राबतेय आणि जनता पार्ट्यांमध्ये गुंग. सत्तेवर इतकं सरळ हसणं मला जास्त आवडतं.

'स्लीपर'लाही वय झालंय हं, त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवरचे काही जोक डोक्यावरून जातील आणि गे जोडप्याच्या घरातला सीन आज बघवत नाही. पोरांसोबत दोन्ही टाळा, 'इडिओक्रसी' तर नक्कीच, तिकडे अमेरिकेतही त्याला आर रेटिंग आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. मित्रांचा कंपू जमलाय, मध्ये मध्ये गप्पा चालणार, मग बिनधास्त 'इडिओक्रसी' लावा. एकटे किंवा दोघंच असाल, मोबाइल बाजूला ठेवून बघणार असाल, तर 'स्लीपर', आणि पहिली १५ मिनिटं संथ वाटली तरी बंद करू नका, रोबोचा भाग त्यानंतर येतो.